आकारामचा पिक्चर बघायला रंगूबाई गेली

कुपवाडच्या कारखान्यात लेथ चालवणारा आकाराम चार वेळा साताऱ्याला जाऊन आला, पण अजिंक्यतारा त्यानं एसटीच्या खिडकीतनंच बघितला. तिथल्या थेटरात कुठल्या रांगेतली खुर्ची मोडकी आहे, ते मात्र त्याला तोंडपाठ. फलटणला मेव्हणीच्या लग्नाला गेला, तर अक्षता पडायच्या वेळी हा गडी मॅटिनीला! मेव्हणी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. बायको रंगूबाई म्हणायची, "ह्यास्नी काशीला न्या, घाट सोडून पोस्टर हुडकतील."

आता असल्या माणसाला काय म्हणावं? पण सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हाच राजा असायचा. डबे उघडले की सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचे.

"आजकालचं पिक्चर म्हंजी काय सांगू गड्या! हिरोनं दाढी वाढवायची, अंधारात बसून हळूहळू बोलायचं, आन वरनं ड्रोन फिरवायचा. परदेशात हिंडतोय, हिंडतोय, पर पोटापाण्याला करतोय काय, ते काय कळत न्हाई!"

एवढ्या शिव्या घालून पुढच्या रविवारी पुन्हा तिकिटाच्या खिडकीला पहिला हाच.

यंदा नेमका मोतीबिंदू झाला. बुधवारी ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस थेटर नाही, मोबाइलसुद्धा नाही. आणि शुक्रवारी लागला तो पिक्चर, ज्याची आकाराम सहा महिने वाट बघत होता. इकडचाच एक ट्रक ड्रायव्हर द्राक्षं घेऊन थेट काश्मीरपर्यंत जातो, अशी गोष्ट. आठवड्याच्या वर काही तो टिकणार नव्हता. त्यात रविवारी संध्याकाळी कारखान्यातली मंडळी बघायला येणार म्हणून निरोप आला. म्हणजे त्यांच्यातला गुंडाही येणार. हा गुंडा हल्ली मोबाइलवर वाचून पिक्चरच्या गोष्टी सांगायला लागला होता, न बघता! आपण पंधरा दिवस गप्प बसलो तर जेवणाच्या सुट्टीतली आपली जागा गेलीच, या विचारानं आकारामनं ताट बाजूला सारलं.

"रंगू, तूच जा. बघून ये आन मला समदं सांग."

"आवं, लगीन झाल्यापासनं मी थेटराची पायरी चढले न्हाई!"

"मग आता चढ की," आकाराम म्हणाला. लाज म्हणून नाही माणसाला.

रविवारी दुपारी रंगूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सिटी बसनं सांगलीला गेली. संध्याकाळी परत आली आणि मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगते न सांगते, तोवर केळ्यांचा फणा घेऊन पाचजण दारात! ती चहा टाकायला आत गेली. काळा चष्मा लावून आकाराम पलंगावर ताठ बसला आणि रुबाबात सुरू झाला.

"तर ड्रायव्हर सांगलीतनं निघतो. वाटंत डोंगार, दऱ्या, काय त्यो निसर्ग..."

"निसर्गाचं ऱ्हाऊ द्या," आतनं आवाज आला. "चार राज्यं वलांडली त्यानं, अंगात शर्ट त्योच! आंगूळ न्हाई, काय न्हाई. आन त्येची बायकू घरात उभी, तर कानात झुमकं. कुणाच्या घरात झुमकं घालून भांडी घासत्यात?"

मंडळी खो खो हसली. त्यांच्यातला जोतिबा म्हणाला, "वैनी, भाईर या. तुमीच सांगा."

झालं! रंगूबाई चहाचे कप पुढं ठेवून, पदर खोचून उंबऱ्यावर बसली आणि अशी काही रंगली, की चहा निवून गेला तरी कुणी कप उचलेना. आपली जागा गुंडा घेईल म्हणून आकाराम धास्तावला होता, आणि घेतली बायकोनं!

"वर बर्फ पडाय लागला. रस्ता बंद. ट्रक आडकलेला, द्राक्षं नासाय लागल्याली. त्यानं घरला फोन लावला. ती म्हणतीया, मालाचं ऱ्हाऊ द्या, तुमी जेवला का? आन फोन तुटला."

आकाराम पुढं सरकला. "मग?"

"मग काय? मी उठले."

"उठलीस? आगं, शेवट?"

"पाच वाजलं व्हतं. बस चुकली असती, तर तुमच्या डोळ्यात थेंब कुणी घातलं असतं? तुमच्या हातनं ते नाकात पडत्यात."

आकारामला भरून आलं. तीस वर्षांत तो एकही पिक्चर अर्धा टाकून उठला नव्हता. पोरीला ताप होता तेव्हासुद्धा नाही. त्याची त्यालाच लाज वाटली. बरं, मोकळेपणानं रडावं तर ऑपरेशनचा डोळा!

गुंडानं मोबाइल वर केला. "शेवट हितं लिवलाय. वाचू का?"

"खबरदार!" आकाराम असा ओरडला की केळ्यांचा फणा खाली पडला. "त्या मोबाइलवर उद्याचं हिचं तिकीट काढ. आन जोतिबा, पाळी सुटली की तू हितं ये, सहाला थेंब घालाय."

"आवं, पुन्यांदा? पैल्यापासनं?" रंगूबाई म्हणाली.

"व्हय, पैल्यापासनं. आन सरळ बस. दिवं लागलं, झाडूवाला आला, तरी उठू नगंस."