आईची हरकत

आमच्या घरात रोज पत्रावळी लावल्या जात, पण आम्ही जेवायचो जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळीत, एका थाळीत दोघं. पत्रावळी विकायच्या असत. दादा, म्हणजे माझे वडील, डोंगराकडून पळसाची पानं आणत, आई आणि मी काड्या टोचत बसायचो. दोनशे लावून ठेवाव्यात, तर महिनाभर गावात लग्न नाही. उन्हानं पानं करकरीत होत, आमटी वाढली की खालून पळून जाई. तो ढीग मग चुलीत. हात आवरून बसावं, तर कुणीतरी सकाळीच दारात उभं, परवा लग्न आहे, चारशे द्या. त्यात लढाईचे दिवस. धान्य रेशनवर मोजून मिळे, पंगत मोठी दिसली तर चौकशी होई, म्हणून पंगतीला माणसं किती, हे कुणी खरं सांगत नसे. अशी घाई झाली की माझी शाळा बुडायची.

राहुरीच्या बाजूच्या आमच्या गावात मी मिशनच्या शाळेत सातवीला होते. मास्तरांनी बजावलं होतं, आता आणखी बुडवलीस तर सातवीच्या फायनल परीक्षेला बसवणार नाही. आमच्या घरात तोवर कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. हे ऐकून त्या रात्री आई मला झोपायला लावून एकटीच काड्या टोचत बसली.

चर्चमध्ये ठरलेल्या लग्नांची नावं आधी तीन रविवार वाचून दाखवतात, हे मीच तिला सांगितलं. ती काडी टोचायची थांबली. "म्हंजी त्यांचं लगीन आपल्याला वीस दिस आधी कळतं व्हय?"

पुढच्या रविवारपासून आई डोक्यावर पदर घेऊन चर्चच्या मागच्या ओळीत, चपलांजवळ बसू लागली. गाणी तिला आवडायची. प्रवचनात डुलकी काढायची. नावं सुरू झाली की ताठ. पाळकसाहेबांना वाटलं, एक जीव मिळाला. भावकीला वाटलं, एक गेला. साहेबांनी तिला पवित्र शास्त्र दिलं, चुलत्यानं मारुतीपुढं नारळ फोडायला लावला. आईनं शास्त्र घेतलं आणि नारळही फोडला. उरलेल्या, हिंदूंच्या लग्नांसाठी ती गावच्या भटजींच्या, जोशीबुवांच्या ओसरीवर जाऊन मुहूर्त विचारी. पोरीचं बघताय का, असं ते म्हणाले की, बघतेय, म्हणून मोकळी.

फाल्गुनात एका रविवारी साहेबांनी एका जोडीची नावं पहिल्यांदा वाचली, तारीख सांगितली आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी. तिथं आजवर कुणी सांगितलेली नव्हती. आई उठून उभी राहिली.

"हरकत हाय."

नवरीच्या आईनं पुढचा बाक घट्ट धरला. नवऱ्या मुलाकडं सगळ्या माना वळल्या, आणि तो बिचारा गेल्या चार वर्षांतलं काय काय आठवत असावा, असा दिसत होता. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "काय हरकत आहे, बाई?"

"त्याच दिशी जोशीबुवांकडची दोन लगीनं हायेत. तिन्हीच्या पत्रावळी माज्याच्यानं व्हायच्या न्हाईत. पोरीची शाळा मी आता बुडवनार न्हाई. तुमी आठ दिस फुडं ढकला, न्हाईतर लोकं वंजळीत भात घेऊन जेवत्याल."

पहिला हसला तो नवरा मुलगा. साहेबांनी रागवायचं ठरवलेलं दिसत होतं, पण त्यांचे खांदेच हलू लागले. मग नवरीच्या बापाच्या ध्यानात आलं, की त्यानं सांगितलेला आचारी त्या दोन लग्नांनाही होकार देऊन बसलाय. तारीख तिथल्या तिथं आठ दिवसांनी पुढं गेली.

साहेब आणि जोशीबुवा एकमेकांची पायरी चढत नसत. पण त्यानंतर आईच्या सांगण्यावरून, लग्नांच्या तारखा जुळवायला, दर रविवारी दोघं चावडीपुढच्या लिंबाखाली येऊ लागले. पंगतीचा खरा आकडा सांगायला जोशीबुवा आधी कुरकुरले. तेव्हा आई सहज म्हणाली, साहेब तर सगळं खरं सांगतात. झालं, बुवा त्यांच्यापेक्षा खरं सांगू लागले. लग्न कुठलं, कधी, आणि माणसं किती, ही चिठ्ठी मी लिहायची, आचाऱ्याला वाचून दाखवायची. माणसांचा आकडा रेशनवाल्याच्या कानी जाऊ द्यायचा नाही, एवढी अट होती.

त्या हंगामात एकही पत्रावळ चुलीत गेली नाही आणि माझी शाळा एकही दिवस बुडाली नाही. मी फायनल पास झाले. पुढं नगरला शिकून बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.