अंबाड्यातली लोंबी

जोयड्याच्या डोंगरातल्या पुतळीच्या घरी भात झोडून झालं होतं, पण नव्या तांदळाचा दाणा अजून कुणी तोंडात घातला नव्हता. नवं आधी घरच्या कर्त्यानं खायचं, मग बाकीच्यांनी, ही त्यांची रीत. आणि कर्ता, म्हणजे तिचा नवरा गणपती, लाकूडतोडीच्या खोट्या केसात जिल्ह्याच्या जेलात बसलेला.

मागच्या भेटीत तो मान खाली घालून म्हणाला होता, "यंदा नवं तुकारामाच्या हातनं करून घे." तुकाराम तिचा धाकटा दीर, गुणाचा माणूस. तरी ते बोलणं तिला झोंबलं. जित्या माणसाचं पान दुसऱ्याला कसं वाढायचं?

आज गेटावरच्या शिपायानं तिची तांदळाची पुरचुंडी काढून घेतली. "अक्का, खायचं काय बी आत न्यायचं न्हाई."

"ठेवा तुमच्यापाशी," पुतळी म्हणाली. अंबाड्यात माळलेल्या अबोलीच्या वळेसराआड खोवलेली भाताची लोंबी त्याला दिसली नाही.

जाळीपलीकडं गणपती येताच तिनं ती लोंबी उपसली, नखानं दाणे सोलले आणि एकेक करून जाळीच्या भोकातून आत सारले.

"खावा. दीर हाय, पण कर्ता तुमीच."

गणपतीनं दाणे तोंडात टाकले आणि पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं बघत चावले. तेवढ्यात शिपाई धावत आला. "काय दिलंस त्याला?"

पुतळी जागची हलली नाही. "घरचा कर्ता जेवला," ती म्हणाली. "आता आमी जेवणार."