गावच्या खोलीबाहेर

मी निघालो त्या दिवशी अंगणात माझ्या सामानापेक्षा दुसऱ्यांचंच जास्त होतं. कोणाचं कुळथाचं पीठ, कोणाचे सुके बोंबील, कोणाच्या पोराचा शाळेतला फोटो. सगळं शारजाला, गावच्या खोलीत पोचवायचं होतं. गुहागरकडच्या आमच्या वाडीने तिथे वर्गणीतून एक खोली धरली होती. नियम एकच, गावाहून आलेल्याला अंथरूण टाकायला नाही म्हणायचं नाही. आई म्हणाली, "पोटाची काळजी नाही तुला. तोंड तेवढं सांभाळ."

तोंड सांभाळलं नाही. जेवण करायच्या पाळीवरून खोलीतल्या एकाशी भांडण झालं, माझा हात आधी उठला, पण शिवी त्याची आधी होती. त्या दिवशी बैठक बसली. खोलीतले सगळ्यात वडील भिकाकाका म्हणाले, "सुरेश, तू जरा दुसरीकडे बघ." जिथे कोणालाच नाही म्हणत नाहीत, तिथून फक्त मला काढलं. हे मी विसरलेलो नाही. वाडीच्या ग्रुपवर हे वाचणाऱ्या तुमच्यातले काही तेव्हा तिथे मान खाली घालून बसले होते, त्यांनीही विसरू नये.

पुढे मी जुन्या फर्निचरच्या धंद्यात पडलो. हा देश सोडून निघालेल्या कुटुंबाला घाई असते, आणि घाईतल्या माणसाशी भाव कसा करावा हे मला शिकवावं लागलं नाही. पहिला आकडा पडेल असा सांगायचा, समोरचा चिडला की थोडं चढायचं, मग हबीबी म्हणून खांद्यावर हात ठेवायचा. त्यातून गोडाऊन झालं, फॅमिली बिल्डिंगमध्ये मोठ्या हॉलचा फ्लॅट झाला, मुलगी इंग्लिश मीडियमला गेली.

मध्यंतरी मी वाडीच्या ग्रुपवर अमेरिकेचा एक व्हिडिओ टाकला. फुटपाथच्या कडेने तंबूच तंबू, पुलाखाली तंबू, एका तंबूबाहेर बाई दात घासतेय. असे व्हिडिओ हल्ली सारखे येतात, आणि दर वेळी तंबूंची रांग आधीपेक्षा लांब दिसते. मी खाली लिहिलं, 'ही म्हणे महासत्ता. आमच्या इथे या आणि बघा.' मुलगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, दे हॅव जॉब्स ऑल्सो. रेंट वाढलं, सो दे लॉस्ट द हाऊस." मी म्हटलं, आळशी लोक असतात ते.

ग्रुपवर कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने भिकाकाकांच्या पुतण्याचा व्हॉइस मेसेज आला, "सुरेशभाऊ, आपली माणसं पण रेतीवर आहेत. खोली गेली, ठाऊक नाय काय तुम्हाला?"

ठाऊक नव्हतं. मालकाने इमारत रिकामी केली होती. दुसरीकडे जावं तर प्रत्येक दारावर 'ओन्ली फॅमिली'. घरी बायको, सुना, नातवंडं असलेल्या माणसाला इथे बॅचलर म्हणतात, आणि बॅचलरला खोली नाही. गाड्या लावायच्या एका रेताड मैदानात ही मंडळी राहत होती. अमेरिकेत निदान तंबू दिसतो. आमची माणसं पुठ्ठे पसरून झोपायची आणि उजाडायच्या आत सगळं पिकअपमध्ये गुंडाळून कामावर जायची. शेजारून रोज जाणाऱ्यालाही पत्ता लागला नसता. मला लागला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मी गेलो. खरं सांगतो, मनात दया कमी आणि आता कसं वाटतं हे विचारायची खाज जास्त होती. भिकाकाका उठले. "ये रे सुरेश. अरे, त्याला चादर टाका, कपडे मळतील त्याचे." कोणीतरी स्टोव्ह पेटवला.

"मोठा माणूस झालास," एकजण म्हणाला. "पोट तर आमच्या पिकअपमध्ये मावायचं नाय."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "माझ्याकडे दोघंजण चला. हॉल आहे."

मी मनात सहा धरले होते. हॉलमध्ये सगळे मावले नसते, पण सहा मावत होते. ते म्हणतील सगळ्यांना ने, मी म्हणेन चार, मग ओढाताण होईल आणि सहावर येऊ. जन्मभर असंच केलंय, त्यामुळे तोंडातून तसंच निघालं. त्यांचा राग बघायचा होता, विनवणी ऐकायची होती, हेही आलंच.

भिकाकाका म्हणाले, "बरं झालं. दोघांची सोय झाली." लगेच त्यांनी दोन नावं घेतली. एकाची पाठ धरली होती, दुसऱ्याला ताप होता. स्वतःचं नाव घेतलं नाही. कोणी चिडलं नाही. गावात अंथरुणाचा भाव करत नाहीत. माझा पहिला शब्द त्यांनी शेवटचा धरला. मला सहा म्हणता आलं असतं. पण आपणच आपला आकडा वाढवायचा हे मला येत नाही. मी चहा संपवला आणि दोघांना घेऊन आलो.

ते हॉलमध्ये झोपत, पण बायको उठायच्या आधी अंथरुणं गुंडाळून जिन्यात जाऊन बसत. मुलीने विचारलं, "व्हाय आर दे आऊटसाइड?" मी म्हटलं, त्यांना मोकळी हवा आवडते.

उन्हाळा चढत होता. शेवटी मी पुन्हा मैदानात गेलो, गोडाऊनमधली निम्मी कपाटं विकून जागा केली होती. "सगळे चला," म्हणालो. भिकाकाका पिकअपवर दोरी आवळत होते. म्हणाले, "अजमानला खोली मिळाली रे आज. तुझी दोघं पण तिकडंच येतील आता. खूप केलंस त्यांचं."

त्यांनी ते मनापासून म्हटलं. टोमणा असता तर मला उत्तर होतं.

घर म्हणजे काय, असं ग्रुपवर सगळे लिहीत असता. वाडीतलं घर मी बांधलं, पण तिथे कुलूप आहे. इथला फ्लॅट भाड्याचा, नोकरी-धंदा संपला की खलास. उद्या मला निघावं लागलं तर कोणाच्या दारात जाईन, हा विचार मी कधी केला नव्हता. आता करतो, आणि दार एकच आठवतं.

मागच्या आठवड्यात अजमानच्या खोलीवर गेलो. लहान खोली, अंथरुणाला अंथरूण लागलेलं. फक्त खिडकीखाली एक पट्टा रिकामा होता. मी म्हटलं, "इथे अजून एक जण मावला असता."

"ती ठेवलीय," भिकाकाका म्हणाले. "गावाहून कोणी येईल त्याची."

"कोण येणार आहे?"

"येईल तो. तू उभा का? बस की तिथंच."

दुसरीकडे बसायला जागा नव्हती. त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मी चप्पल न काढता दारातच उभा राहिलो.