राजाने की राजाला

आमच्या छापखान्याचा मालक मी, पण राज्य बाईंचं. बाई मुद्रितं तपासायच्या. एकवीस वर्षं खिडकीजवळची तीच खुर्ची आणि हातात लाल पेन. मी पडलो तापट, सारखा आवाज चढवायचो. त्या चष्मा नाकावर ओढून नुसत्या बघायच्या. झालं, माझा पारा खाली! त्यांचा एक नियम होता. दुरुस्ती केली की बाजूला समासात आपलं पूर्ण नाव लिहायचं. "ज्याचा हात, त्याचं नाव," म्हणायच्या.

त्या वर्षी इतिहासाच्या सरांचं पुस्तक छपाईला आलं. धर्म आणि सत्ता एकमेकांना कसं धरून असतात, यावर चारशे पानं. बारा वर्षं खपले होते बिचारे. लिहिता लिहिता नजर गेली, छापलेलं वाचणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं. सगळी भिस्त बाईंवर.

गावातल्या मठाचे अध्यक्ष तेव्हा निवडणुकीला उभे होते. प्रचाराच्या पत्रकांचा मजकूर घेऊन आले आणि टेबलावरचं सरांच्या पुस्तकाचं पान वाचून भडकले. ओळ होती, 'राजाने महंताला गादीवर बसवले.'

"उलट करा," म्हणाले. "राजाला महंताने! 'ने' आणि 'ला' तर बदलायचंय. नाहीतर पत्रकं दुसरीकडे छापून घेतो."

खोटं कशाला बोलू, माझी तंतरली. एवढ्या पैशांचं काम वर्षभरात आलं नव्हतं. बाईंना बाजूला घेतलं. "बाई, टाका करून. सरांना कुठे दिसणार आहे?"

बाईंनी चष्मा काढूनच ठेवला. "त्यांना दिसत नाही, म्हणून तर मी बसलेय इथे." मग पेन माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच करा, मालक. नाव मात्र तुमचं लिहा."

असा संताप आला! माझ्याच छापखान्यात मलाच धडे? पेन उचलला, त्या ओळीवर टेकवला. शेजारचा कोरा समास दिसला आणि हात थांबला. लाज वाटली हो, चक्क लाज वाटली. मी शब्दांखाली टिंबं दिली. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, आहे तसंच ठेवा. आणि समासात ठसठशीत नाव लिहिलं.

अध्यक्ष कागद उचलून तरातरा निघून गेले.

"गेली ब्याद!" मी छाती फुगवून म्हणालो. बाईंनी चष्मा लावला, पान जवळ ओढलं. मी आपला शाबासकीची वाट बघत उभा.

"मालक," त्या म्हणाल्या, "आडनावातली वेलांटी चुकलीय."