गुरुजींचं चुकलेलं गणित

उभ्या नगर जिल्ह्यात ज्याचा सत्कार करायला लोक भ्यात्यात असा मानूस एकच, आमचे गुरुजी. शाल दिसली की बिचकत्यात. नारळ हातात दिला तर कानाशी धरून हलवत्यात आन् भर स्टेजवर सांगत्यात, पाणी कमी आहे. पाया पडायला कोन वाकलं तर टुनकन मागं उडी, कारन पायाला हात लागला की त्यांना गुदगुल्या व्हत्यात. एकदा एक फौजदार लई भक्तिभावानं वाकला, तर गुरुजींच्या गुडघ्यानं त्याची टोपी उडून हारांच्या ताटात पडली. आलेल्या शाली ते घरात नेत न्हाईत, सायकलीच्या सीटवर एकावर एक बांधत्यात. आता ती सीट इतकी उंच झालीय की गुरुजी उंटावर बसल्यागत दिसत्यात आन् पाय पायडलला निम्मेच पोचत्यात.

मला हे सगळं म्हाईत, कारन खर्ड्याच्या स्टँडसमोर पंक्चरचं दुकान माझं. त्यांच्या सायकलीत आता ट्यूब कमी आन् माझी ठिगळं जास्त. पन माझी खरी ओळख दुसरीच हाय. गुरुजींचा सगळ्यात गाजलेला इद्यार्थी मी. झेडपीच्या शाळेत चौथीच्या वर्गात मी तीन वर्सं काढली. पहिल्या वर्साला वर्गात माझ्या बरुबरीची पोरं हुती, दुसऱ्याला धाकट्या भावाच्या, आन् तिसऱ्याला तर नवी पोरं मलाच मास्तर समजून नमस्ते करायची. माझं नाव सोपान. गुरुजी म्हनायचे, याच्या नावात तेवढं सोपं आहे, पुढे सगळं अवघड. शेवटी मीच शाळा सोडली. गुरुजी दोनदा घरी न्यायला आले, दोनी बारीला मी ज्वारीच्या कनगीत लपलो. दुसऱ्या बारीला आतून शिंकलो, तरी त्यांनी ऐकलं न्हाई असं दाखवलं आन् गेले.

मग मी गाजलो कसा, ते सांगतो. गुरुजींच्या हाताखालची पोरं लई मोठी झाली. त्यातल्या एकानं जामखेडला दवाखाना काढला आन् उद्घाटनाला गुरुजींना बोलावलं. त्यांना मोटारसायकलीवर मीच घेऊन गेल्तो. डॉक्टर माईकवर म्हनले, आज मी जो काही आहे तो गुरुजींमुळे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी उठले, माईक धरला आन् पेढ्याच्या ताटाजवळ उभ्या असल्याल्या माझ्याकडं बोट केलं.

"सोपान, पुढे ये. मंडळी, हा चौथीत तीन वर्षं होता. शाळा तीच, फळा तोच, मास्तरही मीच. डॉक्टर माझ्यामुळे झाले म्हणता, तर मग हाही माझ्यामुळेच झाला. एकाचं श्रेय घ्यायचं तर दुसऱ्याचंही घ्यावं लागेल. त्यापेक्षा मला दोन्ही नकोत."

लोक पोट धरून हसले. मी बी हसलो, तोंडात पेढा असल्यामुळं जरा उशिरा. तवापासून गुरुजी जिथं सत्काराला जातील तिथं मला संगं नेऊ लागले. वकील झालेल्या पोराच्या बंगल्याची वास्तुशांत असू, न्हाईतर कोन सायेब होऊन गावात आलेला असू, गुरुजींच्या शेजारी मी ठरलेला. लोकांनीबी मग पद्धत पाडली, गुरुजींना शाल-श्रीफळ आन् मला टावेल-टोपी. आमच्या घरात कित्येक वर्सं टावेल इकत आनला न्हाई. नापास होऊन इतका मान मिळवलेला दुसरा मानूस असला तर दाखवा.

सगळं झ्याक चाललं हुतं, पन माझ्या पोरीचं लगीन ठरलं. पोरगी हुशार, नर्सिंग केलेली. ती कुनावर गेली ते देवालाच ठावं, माझ्यावर न्हाई एवढं नक्की. व्याही अकोले तालुक्यातले, तिकडं एका हायस्कुलात हेडक्लार्क. बघायला आले तवा चहाचा कप हातात घेऊन त्यांनी सहज इचारलं, सोपानराव, तुमचं शिक्षान किती? आता शाळेतल्या मानसाम्होरं चौथी नापास म्हनायला जीभ उचलंना. म्या म्हनलं, सातवी पास. एका दमात चार यत्ता चढलो. पोरीनं खाली मान घातली. पावनं गेल्यावर ती एवढंच म्हनली, "आबा, हे उघडं पडलं तर तिथं जन्मभर मला खोटारड्याची पोर म्हनतील." तिच्या आईनं तर दोन दिस माझ्याशी बोलनंच टाकलं.

आन् येळ बघा कशी आली. लग्नाच्या याद्या करायला व्याही ज्या रईवारी यायचे, त्याच रईवारी गुरुजींच्या ऐंशीव्या वर्साचा सत्कार. शाळेच्या ग्राऊंडवर मांडव, पाव्हना म्हून गुरुजींचाच एक इद्यार्थी, मोठा सायेब झालेला. व्याह्यांनी फोनवर सांगून टाकलं, शिक्षकाचा सत्कार म्हंजे आपल्या घरचा कार्यक्रम, आधी तिथं बसू, याद्या मागून. मी आदल्या दिशी गुरुजींच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, हात जोडले. म्हनलं, एकडाव माझं नाव घेऊ नका, मी तापानं पडलोय म्हना. गुरुजी शेंगा फोडत हुते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सोपान, मी गणितात खोटं बोलत नाही. आणि तू माझं एक गणितच आहेस. चुकलेलं." मग मूठभर शेंगा माझ्या हातावर ठिवल्या, म्हंजे इषय संपला.

रईवारी व्याही तिसऱ्या रांगेत, शेजारी माझी बायकू आन् पोरगी. मी मांडवाच्या खांबामागं उभा हुतो, पन खांब बारीक आन् मी जाड. सायेब बोलले, सगळं श्रेय गुरुजींना दिलं. गुरुजी उठले. "सोपान, पुढे ये." सारं गाव खुर्चीत पुढं सरकलं. पुढचं वाक्य लहान पोरांनाबी पाठ हुतं, हसायला तोंडं उघडून बसली हुती मंडळी. मी गेलो.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग तिसऱ्या रांगेत बघितलं. पोरगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत हुती. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला.

"मंडळी, हा सोपान. हा... हा सातवी पास आहे."

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं "ओ गुरुजी, चौ..." म्हनायला तोंड उघडलं, तर शेजारच्यानं त्यात सबंध पेढा कोंबला. बाकी गावानं असं तोंड केलं की जनू सोपान सातवी पास हाय ही जुनीच गोष्ट. व्याह्यांनी टाळी वाजवली. पन गुरुजींची खरी पंचाईत झाली पुढं. मी पास झाल्यावर त्यांचं भाषनच संपलं की. श्रेय ढकलायला नापास कुठून आननार? सायेबांनी शाल पांघरली आन् गुरुजींना ती गपगुमान घ्यावी लागली. जन्मात पहिल्यांदा लोकांनी केलेलं कौतिक त्यांनी पुरं ऐकून घेतलं. कान लाल झाल्ते त्यांचे.

दुसऱ्या दिशी दुकान उघडतोय तवर सायकल हजर. गुरुजींनी पिशवीतनं सातवीचं गनिताचं पुस्तक काढलं आन् माझ्या पाना-पकडीवर ठिवलं. म्हनले, "काल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. ते खरं करणं आता तुझ्या हातात आहे. पेपर मी काढीन, तपाशीन मीच. बस खाली."

पोरगी सासरी सुखात हाय, तिला आता लेकरू झालं. माझी मात्र सातवी चालूच हाय. ट्यूब पान्यात बुडवायची, बुडबुडं कुठनं येतंय ते बघायचं, आन् तोंडानं अपूर्नांक. गिऱ्हाईक खोळंबतं, पन गुरुजी बसल्यात म्हून कुनी बोलत न्हाई. एका टरकवाल्यानं तर स्पेअर चाकावर बसून मला शेकडेवारी समजावली. अवंदा गुरुजींचा हात लई थरथरायला लागलाय. सायकल आता चालवत न्हाईत, हातात धरून चालत येत्यात. घरात कुनी बोलायला न्हाई, घरच्या बाई जाऊन बरीच वर्सं झाली, पोरं लांब. पन सकाळी धाच्या ठोक्याला सायकलीची घंटी वाजतीच.

आन् एक सांगतो, कुनाला बोलू नका. सातवीचं सगळं पुस्तक मला कवाच येतंय.

परवा त्यांनी तीन गनितं घातली. तिन्हीची उत्तरं बरुबर आली. मग म्या शेवटचं उत्तर खोडलं आन् खाली चुकीचं लिवलं. गुरुजींनी वही डोळ्याजवळ नेली, त्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठिवून लई येळ बघत बसले. मग लाल पेन काढून चुकीच्या उत्तरावर थरथरती फुली मारली.

"अजून कच्चा आहेस," म्हनले. "उद्या येतो."