कच्ची कडी

सुतार मिस्त्रीनं बसवलेली कडी हत्तीलाही उखडायची नाही, असं लोक म्हणत, आणि म्हातारा त्या कौतुकानं फुगायचा. पाठदुखीच्या गोळ्यांपायी नशेला लागलेला त्याचा मुलगा घरच्या बाथरूममध्ये बापानंच बसवलेली कडी लावून नशेत बेशुद्ध पडला, तेव्हा आईनं धडका मारून मारून खांदा काळानिळा करून घेतला. दार हललं नाही. मिस्त्री कामावरून धावत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मग सरकारला जाग आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच! राज्यभर व्यसनमुक्ती केंद्रांना पैसा मंजूर झाला आणि इथल्या केंद्राच्या बाथरूमची दारं नेमकी मिस्त्रीकडे आली. "मेल्यांनो, वर्षभर आधी कुठं झोपला होतात?" असं पुटपुटत त्यानं काम उरकलं.

केंद्राच्या नर्सबाई बघायला आल्या. तो म्हणाला, "मी आत जाऊन कडी लावतो. तुम्ही खांद्यानं ढकला."

पहिल्याच धक्क्याला कडी निखळून खाली पडली.

"अहो मिस्त्री, हे काम कच्चं झालं की!"

"हो बाई," उघड्या दारात उभा राहून मिस्त्री म्हणाला, "पक्कं काम घरी केलं होतं."