न्हाणीकडची खुंटी

उरकुडा मिस्त्री कशावरच विश्वास ठेवत नसे. फळी आधी नखाने खरवडून तिचा वास घ्यायचा. दोरी ओली आहे का, हे गालाला लावून बघायचा. स्वतःच मोजलेले पुन्हा मोजायचा आणि म्हणायचा, "दोरी खोटं बोलते, अन् डोळा तिच्याहून खोटा."

मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे धरले होते. ओल्या जमिनीवर त्यांना बसवेना, म्हणून घरामागे सांदवाडीत फळ्यांचा ओटा करायचे ठरले. त्यांच्याकडे रोज चार माणसे बसायला येत. ती आता मागे बसणार, आणि मागेच आम्हा बायकांची न्हाणी. तिला तीन बाजूंनी बांबूच्या तट्ट्या, चौथीला जुन्या लुगड्याचा पडदा. वाऱ्याने तो उडायचा. मी नवी सून, हे कोणाला सांगणार?

मिस्त्रीने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुन्याची रेघ मारली. पण ओटा भिंतीला धरून सरळ न आखता तिरपा आखला आणि एक कोपरा थेट न्हाणीच्या तट्ट्यांपाशी आणला. शिवाय प्रत्येक खुंटीजवळ उकिडवा बसून, एक डोळा मिटून, तो न्हाणीकडेच बघे. मी चुलीजवळून सगळे पाहत होते. माणूस बरा नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले.

दुपारी तो जेवायला गेला, तेव्हा ती न्हाणीकडची खुंटी मी उपटली आणि न्हाणीपासून तीन हात लांब ठोकली.

आल्याबरोबर त्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून दोरी लावली. "तिरपे सारखे नाही येऊन राहिले. खुंटीले पाय फुटले वाटते."

सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्यानं पाडली असंन."

"कुत्रं खुंटी पाडते बाई, ठोकत नाही."

माझ्या हाताला चुना लागला होता. मी तो पदरात लपवला, पण त्याने पाहिले होते.

"बाई, जरा न्हाणीत जाऊन उभ्या राहा जी. हात वर करा."

"या वयात कवायत करवतं का रे माह्याकडून?" म्हणत सासूबाई गेल्या.

मिस्त्रीने माझ्या खुंटीजवळ पाट ठेवला आणि न्हाणीकडे पाठ केली. "सूनबाई, बसा अठी. मी नाही पाहत."

मी बसले. पडदा उडाला, आणि सासूबाई अख्ख्या दिसल्या. मग त्याने पाट आपल्या खुंटीच्या जुन्या जागी ठेवला. तिथून नुसत्या तट्ट्यांची पाठ दिसत होती.

"जवळून तट्ट्या दिसते, लांबून माणूस," तो हळूच म्हणाला. "सांगाची गोष्ट नाही, मनून तिरपा धरला."

खुंटी त्यानेच परत ठोकली. कोणी हलवली, ते कोणाला सांगितले नाही.

त्या ओट्यावरून त्याला जन्मभर टोमणे बसले. "उरकुडा, तुह्या घरी गुण्या नाही का रे?" सुताराला कोन तपासायच्या गुण्यावरून बोलणे म्हणजे तोंडात मारणेच. तो हसायचा. "नजर गेली बापा," म्हणायचा. मी दारामागे ऐकत उभी राहायची.

तो वारला, त्या संध्याकाळी माणसे त्याच ओट्यावर बसली होती. एक जण म्हणाला, "हात सोन्याचा होता, पण हा ओटा मात्र वाकडाच करून गेला."

मी चहा घेऊन आले होते. इतक्या वर्षांत त्या माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"वाकडा नाही हाये जी," मी म्हणाले. "मी सोता बसून पायला हाये."

एकाने वळून मागे पाहिले. मागे तट्ट्याच होत्या.